पंख्यातला दुसरा आवाज

रविवार, १२ जुलै १९९८

आयुष्यभर इथे कुंभकोणाच्या कॉलेजात फिजिक्स लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि पोरांच्या मागे लागायचो, निरीक्षण लगेच लिहून ठेवा म्हणून. निवृत्त झाल्यावर निरीक्षण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आज आलं. राजगोपाल, आमचा थोरला, चेन्नईहून स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊन आला, मधल्या खोलीत स्वयंपाकघराच्या दारासमोर मांडला आणि दुपारच्या गाडीनं परतला. घरात तीन पिनांचा प्लग तेवढ्याच भिंतीला आहे.

मशीन कशाला आलं तेही लिहितो. माझ्या बायकोच्या, कृष्णवेणीच्या, गळ्यातली गाठ काढायची ठरली आहे. तंजावरचे डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण तिच्या अगदी मागून आवाजाची नस जाते. क्वचित धक्का लागतो, मग आवाज बसतो, कधी कायमचा. क्वचित म्हणजे किती, असं विचारायला मी तोंड उघडलं तेवढ्यात वेणीनं माझ्या हातावर हात ठेवला. त्यामुळे विचारायचं राहिलं.

याच महिन्यात आमच्या मुलीचं, भवानीचं, बाळंतपण आहे, मस्कतला. वेणी जाणार होती, ते रद्द झालं. भवानी फोनवर रडली आणि म्हणाली, "अम्मा, तूं येत नाहींस तर तुझा पाळणा तरी पाठव. ऑपरेशनच्या आधीं." राजगोपालचं म्हणणं, टेप दरवर्षी फिकी होते, कॉम्प्युटरमधला आवाज फिका होत नाही, शिवाय फ्लॉपीवर घालून दिला तर तो चेन्नईहून ई-मेलनं मस्कतला पाठवील.

वेणी गाते हीच मला बातमी होती. मी तिच्या तोंडून "जेवायला या" याच्यापुढे सूर ऐकलेला नाही. विचारलं तर म्हणाली, "गातें कीं."

मंगळवार, १४ जुलै

पहिला प्रयत्न फसला. मशीनमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय आहे, तांबडा ठिपका दाबायचा, एका वेळी एक मिनिट. मी माइक धरून म्हणालो, "वेणी, कांहीं बोल." ती म्हणाली, "काय बोलूं?" पुन्हा लावून ऐकलं तर काय बोलूं नाही की काही नाही, नुसती घरघर. जणू पिठाच्या गिरणीत उभे राहून बोललो.

कारण शोधलं. कॉम्प्युटरच्या पाठीमागे वरच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक डबा असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. घरचा करंट घेऊन मशीनच्या अवयवांना झेपेल तसा वाटून देणे हे त्याचं काम. ते करताना तो तापतो, म्हणून त्याच्या पोटात तळहाताएवढा पंखा असतो. आमचा पंखा म्हातारा झाला आहे. बेअरिंग झिजलं आहे.

वेणीला म्हणालो, हा पंखा गप्प केल्याशिवाय तुझा पाळणा होत नाही. ती म्हणाली, "राहूं द्या हो, कशाला? बरा वाटतो." बायकांना यंत्रातलं कळत नाही असं मी म्हणत नाही, पण ही तक्रारच करत नाही कशाची. गाठीचीही केली नव्हती.

सोमवार, २० जुलै

आडी महिना लागला आहे, म्हणजे तमिळ आषाढ, शुभ कामं वर्ज्य. अंबाक्का, माझी थोरली बहीण, पलीकडच्या गल्लीतून येऊन बजावून गेली, "पद्दू, आडींत शस्त्र लावायचें नाहीं." डॉक्टरांनीही हसून मान्य केलं. आडी संपल्यावर २० ऑगस्ट, गुरुवार. राघवेंद्रस्वामींचा वार म्हणून वेणी खूश आहे.

तोवर मी पद्धतशीर काम करायचं ठरवलं आहे. रोज दुपारी कॉफी झाल्यावर पंख्याच्या आवाजाचा एक मिनिटाचा नमुना घ्यायचा आणि जपून ठेवायचा. नमुना घेताना मी ओसरीवर जाऊन बसतो, नाही तर माझा खोकला त्यात येतो. वेणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात केळफूल सोलत बसते. तिला मशीनची सोबत आवडायला लागली आहे, बंद केलं की उठून जाते.

गुरुवार, २३ जुलै

शोध लागला! आवाज एक नाही, दोन आहेत. पहिला सरळ घरघर, बेअरिंगचा. त्याच्या खाली दुसरा, बारीक, वरखाली होणारा. नमुना पुन्हा पुन्हा ऐकला. राजगोपालनं दिलेला स्पीकर काडेपेटीएवढा आहे, त्यात नीट लागत नाही, पण आहे हे नक्की. माझ्या मते डब्याचा पत्रा पंख्याबरोबर थरथरतो आहे, याला अनुनाद म्हणतात. वेणीला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, पदर सावरला आणि म्हणाली, "असेल कीं." केळफुलाचा चीक बोटांना लागला म्हणून तेल शोधायला उठून गेली.

शुक्रवार, २४ जुलै

सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून डब्याच्या स्क्रूखाली घातले. पहिला आवाज थोडा कमी झाला. दुसरा जशाचा तसा.

नमुना चालू असताना करंट गेला. मी ओसरीवरच होतो. पंखा बंद पडला, पण दुसरा आवाज मात्र क्षणभर चालू राहिला आणि मग चटकन थांबला. हे जडत्व. पोरांना पाठ करवून करवून माझे नाकी नऊ आले होते, आणि आज घरातच इतकं सुंदर उदाहरण मिळालं.

मंगळवार, २८ जुलै

मुलगी झाली! भवानी सुखरूप आहे. वेणीनं देवापुढे दिवा लावला, मग फोनवर नुसती हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं गळ्यावरून हात फिरवला. मी पाहिलं हे तिला कळू दिलं नाही.

भवानीला मी फोनवर सांगितलं, बाळाला यंत्राच्या आवाजाची सवय लाव. ती स्वतः लहानपणी विहिरीची मोटर लागली तरच झोपायची. मोटर बंद की ही टक्क जागी. कॉलेजात सगळ्यांना मी हे उदाहरण द्यायचो. लयबद्ध कंपनाचा मेंदूवर चांगला परिणाम होतो.

सोमवार, ३ ऑगस्ट

आडीचा अठरावा दिवस. कावेरीला नवं पाणी येतं म्हणून सगळ्या बायका चित्रान्नं घेऊन घाटावर. वेणी आणि अंबाक्का सकाळीच गेल्या त्या संध्याकाळी आल्या. मी घरात एकटा, चिंचेचा भात आणि मशीन.

नमुना घेतला. दुसरा आवाज नाही! अजिबात नाही. खूप विचार केला. आज चूल पेटली नव्हती, म्हणजे मधली खोली थंड होती. पत्रा तापला की प्रसरण पावतो आणि वाजतो, थंड असला की गप्प. कोडं सुटलं. वेणी घाटावरून आली तेव्हा तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघून हसायला लागली ती थांबेचना. पुष्कळ दिवसांनी अशी हसली, म्हणून मी कशाला हसतेस ते विचारलं नाही.

बुधवार, ५ ऑगस्ट

डबा उघडला. कालपासून प्लग काढून ठेवला होता, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो आणि हात लावणाऱ्याला इंगा दाखवतो. अंबाक्का रबरी चपला घालून दाराबाहेर उभी राहिली आणि तिथून सूचना देत होती. "पद्दू, काडीनें ढोस! हातानें नको!"

पंख्यावरचा कागद सोलला, आत शिवणयंत्राचं तेल दोन थेंब घातलं. मशीन लावलं. घरघर पार खाली आली. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. वेणी उंबऱ्यात बसलीच नाही, परसात कपडे वाळत घालायला गेली.

शनिवार, ८ ऑगस्ट

तेलाचा उपाय उलटला. पंखा आता डुकरासारखा ओरडतो. सेतूकडे नेला. रेडिओ दुरुस्त करणारा सेतू आपल्यातलाच, तंजावरी मराठी आहे, पण दुकानात कोणी गिऱ्हाईक असलं की माझ्याशीही तमिळ बोलतो. म्हणाला, बेअरिंग संपलं, मामा, नवाच घाला. राजगोपालला फोन केला, तो चेन्नईहून चांगल्या बॉल बेअरिंगचा पंखा पाठवतो आहे.

वेणी मात्र आज बराच वेळ उंबऱ्यात होती. एवढ्या कर्कश आवाजाजवळ कशी बसवते तिला? ऑपरेशनची काळजी असेल, एकटं बसवत नसेल. मलाही बसवत नाही. म्हणून तर हा पंखा.

मंगळवार, ११ ऑगस्ट

नवा पंखा आला आणि बसला. वायर कापून जोडल्या, टेप गुंडाळली. पहिल्यांदा उलटा बसवला, गरम हवा बाहेर टाकायची ती आत फुंकायला लागला. कडेला बाण काढलेला असतो हे नंतर दिसलं. वेणीला हे सांगितलेलं नाही.

मग लावला. काही नाही! मशीन चालू आहे हे दिव्याकडे पाहून कळतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, शेजारच्या घरी मीनाक्षीबाई कोथिंबिरीची घासाघीस करतात तेही ऐकू येतं. नमुना घेतला, पहिला आवाज नाही, दुसराही नाही. मला वाटलं, वेणी खूश होईल. ती सगळं ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "फार शांत झालें हो." आणि आत गेली. थकली असेल.

गुरुवार, १३ ऑगस्ट

पाळणा झाला नाही.

सगळी तयारी केली होती. माइक तिच्या उंचीला बांधला, खिडक्या लावल्या, अंबाक्काला कौतुकानं बसवून घेतलं. तांबडा ठिपका दाबला. वेणीनं तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "येत नाहीं. जाऊं द्या."

गाठ नसेवर दाबते आहे, दुसरं काय? म्हणजे मी पंख्याशी खेळत बसलो तेवढ्यात वेळ निघून गेली. मी तिला म्हणालो, भवानीला काय, कोणतीही कॅसेट चालेल, बाजारात मिळते. हे बोलायला नको होतं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून ओसरीवर गेलो. मला भीती वाटते. लिहून ठेवतो, कारण बोलता येत नाही. तिच्या आवाजाची मला इतकी सवय आहे की तो कसा आहे हेसुद्धा मला सांगता येणार नाही.

रविवार, १६ ऑगस्ट

आज आडी संपला. आज जे घडलं ते सावकाश लिहितो.

मशीन सांगत होतं की जागा भरली. म्हणून पंख्याचे जुने नमुने पुसायला बसलो. पुसण्याआधी एक शेवटचा ऐकावा म्हणून राजगोपालचा कानाला लावायचा हेडफोन लावला. नव्या पंख्याची खोली शांत, कानात नुसती जुनी घरघर. आणि तिच्या खाली दुसरा आवाज, आता स्वच्छ.

"नीज गे भवानी, नीज गे बाई, कावेरीला आलें पाणी..."

पुढचा नमुना लावला. त्यातही तेच, वेगळी ओळ. त्याच्या पुढचाही. करंट गेला तो दिवस आठवला, त्याचा नमुना अर्थात राहिलाच नव्हता. पंखा बंद पडल्यावर क्षणभर ओसरीपर्यंत एकटं आलं आणि कोणीतरी तोंडावर हात ठेवल्यासारखं गप्प झालं, ते हे गाणं होतं. तीन ऑगस्टचा लावला, त्यात फक्त पंखा. मी जडत्व म्हणालो होतो. मी पत्रा तापला म्हणालो होतो. अनुनाद! मी माझ्या बायकोला रबराचे तुकडे लावून बंद करायला निघालो होतो.

हेडफोन काढून स्वयंपाकघरात गेलो. वेणी डाळ निवडत होती. मी म्हणालो, "वेणी, तो दुसरा आवाज तूं होतीस."

ती वर न बघता म्हणाली, "मग? मला वाटलें, आज कळलें म्हणूनच नमुने पुसायला बसलांत."

"मग परवां कां नाहीं गायलीस?"

"कशी गाऊं? घर इतकें चिडीचूप. आतां कोणाच्या आड गाऊं?"

मला कळलंच नाही. मग तिनं सांगितलं, डाळीतून बोट फिरवत. "मामंजी सदा ओसरीवर. त्यांच्या कानावर सुनेचा गळा पडायचा नाहीं, ही रीत. कोणी रागें भरत नव्हतें हो. चुम्मा, उगीच, तो आवाज निघतच नव्हता. मग इडलीचें पीठ रुब्बायचें यंत्र लागलें, विहिरीची मोटर लागली, कीं तेवढ्यांत गाऊन घ्यायचें. मी एकटी नव्हें, तुमच्या मातोश्रीदेखील. त्या उखळाशीं गात. आतां मामंजी नाहींत, पण गळ्याला तें कोण सांगणार?"

"म्हणजे भवानी मोटरीवर झोपायची..."

"मोटरीवर कोणतें मूल झोपतें?" वेणी म्हणाली. "तुम्हीं सगळ्या कुंभकोणाला सांगत फिरत होतां, मी म्हटलें, सांगूं दे."

मी तिच्यासमोर बसलो. तिनं निवडलेली डाळ माझ्यापुढे सरकवली, की पुन्हा एकदा बघा. डोळ्यांना काही दिसत नव्हतं, तरी निवडत बसलो.

मंगळवार, १८ ऑगस्ट

जुना पंखा मी फेकला नव्हता, नशीब. सेतूकडून बॅटरी एलिमिनेटर आणला, म्हणजे घरच्या करंटवर रेडिओ चालवायची डबी. तिला बटण असतं, कमी व्होल्ट, जास्त व्होल्ट. पंखा तिला जोडला आणि उंबऱ्यात ठेवला. लावला. डुक्कर परत ओरडायला लागलं.

वेणी समोर केळफूल घेऊन बसली, ऐकलं, आणि म्हणाली, "थोडें जास्त करा." मी बटण पुढे सरकवलं. "आणखी." सगळ्यात वर नेलं. तेव्हा ती म्हणाली, "सरि. आतां तुम्हीं जा. तांबडा ठिपका मी दाबतें. रस्त्याकडे तोंड करून बसा."

बसलो. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतका आज्ञाधारक नव्हतो. आत घरघर, आणि घरघरीच्या खाली माझी बायको. पहिल्यांदा मी तिचं गाणं गाणं म्हणून ऐकलं. मिनिट संपलं की घरघर एकटी राहायची, मग पुन्हा ठिपका, पुन्हा ती. कावेरीची ओळ झाली, मग मला माहीत नसलेल्या ओळी, एकात चंद्र, एकात तिरुभुवनचं रेशीम, एकात कोणी आत्या जी वेळेवर येत नाही. ती अंबाक्का असणार.

फ्लॉपी आजच कुरियरनं गेली.

गुरुवार, २० ऑगस्ट

झालं. नीट झालं म्हणतात. आवाजाचं विचारलं तर म्हणाले, थांबावं लागेल.

सोमवार, २४ ऑगस्ट

घरी आणलं. गळ्याला पट्टी. कुजबुजते, तीही तुटक. डॉक्टर म्हणतात, नसेला धक्का लागला असेल, परत येतो बहुधा, धीर धरा. अंबाक्का सकाळ-संध्याकाळ येऊन जोरात बोलते, जणू वेणीचे कान गेलेत. वेणीला हसू येतं, पण हसण्याचा आवाज निघत नाही. ते मला बघवत नाही.

बुधवार, २ सप्टेंबर

मस्कतहून फोन. भवानी म्हणाली, "अप्पा, बाळ झोपलें! पहिल्याच मिनिटांत झोपलें! पण तो मागें कसला घर्र घर्र आवाज येतो? राजगोपाल म्हणतो, कॉम्प्युटरवर तेवढा पुसून टाकतां येतो."

मी म्हणालो, त्याला सांग, हात लावायचा नाही. ती म्हणाली, "मला वाटलेंच, अप्पा. मोटरीसारखा वाटला."  वेणीनं फोन घेतला आणि नुसता कानाला धरून ठेवला.

दुपारी मी पंखा वेणीच्या अंथरुणाजवळ नेऊन लावला आणि ओसरीवर जाऊन बसलो. काही झालं नाही. नुसती घरघर. रोज लावायचं ठरवलं आहे.

गुरुवार, १० सप्टेंबर

कॉफीनंतर पंखा लावला, ओसरीवर बसलो, रस्त्याकडे तोंड करून. आता सवयच झाली आहे. लावायचं, बसायचं, थोड्या वेळानं जाऊन बंद करायचं. वेणी एकदा कुजबुजली होती, "कशाला करंट जाळतां?" मी म्हणालो, पंख्याला व्यायाम.

आज उठायला म्हणून पाय खाली सोडले आणि ऐकलं. आधी एकच सूर. थांबला. खाकरणं. मग पुन्हा. पूर्वीपेक्षा खालचा, खरखरीत, "कावेरीला" म्हणताना फाटला आणि तसाच पुढे गेला. माझे पाय तसेच लटकत राहिले. मागे वळून पाहिलं नाही. रडलो, ते रस्त्याकडे तोंड करूनच.

मीनाक्षीबाई भाजी घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "काय हो सार, घरात कसला हा आवाज?"

म्हणालो, "पंखा. जुना झालाय."

"मग नवा का नाही घालत?"

"घालून पाहिला," मी म्हणालो.

निरीक्षण: दुसरा आवाज आज पुन्हा सुरू झाला. थोडी खरखर आहे. दुरुस्ती करायची नाही.